डिझेल आधी पाण्याला, मग लिफ्टला, दिव्यांना सगळ्यात शेवटी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की वीज जाण्याच्या तक्रारींची पत्रे आपल्या पानावर दिसू लागतात. राग वीज कंपनीवर असतो आणि बव्हंशी तो रास्तच असतो. पण पंचवीस मजली इमारतीत दहा-बारा तास वीज नसेल तर तेवढ्या वेळात इमारतीने स्वतः काय करायचे, यावर मात्र कुणी लिहीत नाही. उंच इमारतींच्या वीज, पाणी आणि लिफ्ट यंत्रणांची देखभाल करणारे आम्ही काही जण आहोत. बहुतेक सोसायट्यांचे हाल वीज जाण्यापेक्षा जनरेटर चुकीच्या कामाला लावल्यामुळे होतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी हे पत्र.

हा प्रसंग दुर्मीळ नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली. काही भागांत ती दोन-अडीच तासांत आली, काही ठिकाणी यायला रात्र झाली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपकेंद्रे आणि मीटर रूम पाण्याखाली गेल्याने उपनगरांतल्या कित्येक वस्त्या काही दिवस अंधारात होत्या. जुलै २०२५ मध्ये हिंजवडी परिसरात महापारेषणच्या २२० केव्ही भूमिगत वाहिन्यांत बिघाड झाला, तोही नेमका टॉवरांच्या पट्ट्यात. केबल जमिनीखाली गेल्याने वादळात तारा तुटायचे थांबते, पण बिघाड झाला की जागा शोधायची, खड्डा खणायचा, जोड द्यायचा, चाचणी घ्यायची, एवढे सगळे करावे लागते. म्हणून 'भूमिगत केबलमध्ये फॉल्ट आहे' हे शब्द कानावर पडले की किमान सहा-आठ तासांचा हिशेब धरूनच इमारतीने पुढचे ठरवावे. 'येईल इतक्यात' म्हणत पहिले तीन तास वाया जातात आणि नेमके तेच तीन तास मोलाचे असतात.

वीज गेल्यावर पहिली पाच मिनिटे एवढेच पाहावे, की वीज फक्त आपली गेली आहे की सगळ्या रस्त्याची. शेजारची इमारत आणि रस्त्यावरचे दिवे पाहून वॉचमनलाही ते सांगता येते. फक्त आपलीच गेली असेल तर मुख्य पॅनेलचा ब्रेकर पडला आहे का, हे वायरमनला पाहू द्यावे. मीटरच्या अलीकडचा बिघाड कंपनीचा, मीटरच्या पुढचा सोसायटीचा. सोसायटीच्या केबलमधला दोष कंपनीचा माणूस दुरुस्त करणार नाही, त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. तक्रार १९१२ वर द्यावी, ग्राहक क्रमांक हाताशी ठेवावा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. शंभर सभासदांनी शंभर फोन करण्यापेक्षा कमिटीच्या एकाने करावा आणि मिळालेले उत्तर सगळ्यांना कळवावे. मोबाइल मनोऱ्यांच्या बॅटऱ्या काही तासांच्याच असतात. मोठ्या भागाची वीज गेली तर दुपारनंतर नेटवर्कही डळमळते, म्हणून दर मजल्याच्या लिफ्टसमोर कागद चिकटवण्याची जुनी पद्धत मोडीत काढू नये.

आता जनरेटर. बिल्डरच्या माहितीपत्रकात 'शंभर टक्के पॉवर बॅकअप' असे छापलेले असते. हा बॅकअप किती तासांचा आणि कशाकशाचा, हे त्यात नसते. साधारण शंभर सदनिकांच्या टॉवरला १२५ केव्हीएचा संच असतो असे धरू. पूर्ण भारावर तो तासाला २६-२७ लिटर डिझेल पितो, निम्म्या भारावर १४-१५ आणि पाव भारावर ९ ते १०. खालच्या टाकीत २०० लिटर असेल आणि सर्व लिफ्ट, पार्किंगचे दिवे, क्लब हाऊस, जिने असे सगळे सामायिक कनेक्शन निम्म्या भाराने चालू ठेवले, तर चौदा तासांच्या आत टाकी कोरडी. म्हणजे सकाळी दहाला वीज गेली तर मध्यरात्री जनरेटर बंद पडणार, आणि त्या वेळी डिझेल कुठून आणणार?

हेच २०० लिटर ठरावीक फेऱ्यांमध्ये वापरले तर चित्र पालटते. सकाळी सात ते साडेआठ, दुपारी एक ते दोन, संध्याकाळी साडेसहा ते नऊ, असा दिवसाला पाच तासांचा कार्यक्रम. पाण्याचा पंप, एक लिफ्ट, सांडपाणी प्रक्रियेत हवा सोडणारा ब्लोअर आणि तळघरातला पाणी उपसायचा पंप, एवढ्यावर तासाला सरासरी बारा लिटर धरा. दिवसाचे साठ लिटर झाले. टाकी तीन दिवस पुरते. मधल्या वेळेत कुणाला रुग्णालयात न्यायचे असेल तर संच चालू व्हायला मिनिटही लागत नाही, त्यासाठी तो अखंड धडधडत ठेवायची गरज नाही.

पाण्याला अग्रक्रम का, ते आकड्यांतच दिसते. शंभर सदनिका, चारशे माणसे. एरवी माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, म्हणजे ५४,००० लिटर. अडचणीच्या दिवसात माणशी ५० लिटरवर भागते, म्हणजे २०,००० लिटर. जमिनीखालच्या टाकीपासून गच्चीपर्यंत नळातल्या घर्षणासह ९५ मीटर चढण धरली, पंप-मोटरची एकत्र कार्यक्षमता पन्नास टक्के धरली, तर हे सारे पाणी वर चढवायला १० युनिटच्या आसपास वीज लागते. पंधरा हॉर्सपॉवरच्या पंपाला तासाभराचे काम आणि डिझेल दहा लिटरच्या आसपास. अख्ख्या इमारतीचे एका दिवसाचे पाणी दहा लिटरमध्ये! याउलट रात्रभर जिन्यातल्या दिव्यांसाठी तोच १२५ केव्हीएचा संच चालवला, तर दोन किलोवॉटच्या भारासाठी तो तासाला सहा-सात लिटर जाळत बसतो. शिवाय तीस टक्क्यांखालच्या भारावर तासन्‌तास चालवलेल्या इंजिनात डिझेल धड जळत नाही, एक्झॉस्टमधून काळे तेलकट पाणी गळू लागते, इंजेक्टरवर काजळी धरते आणि पुढच्या खेपेला संच ऐन वेळी भार उचलायला कुरकुरतो.

जिन्यासाठी म्हणून जनरेटर लावूच नये. मजल्यागणिक पाच वॉटचा एक एलईडी दिवा, पंचवीस मजल्यांचे १२५ वॉट. १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या आणि एक इन्व्हर्टर एवढा भार अठरा-एकोणीस तास सहज ओढतात, म्हणजे जवळपास दोन रात्री. त्याची वायरिंग मात्र स्वतंत्र हवी. बऱ्याच इमारतींत जिन्याच्या सर्किटवरच कुणीतरी पॅसेजचा पंखा किंवा चपलांच्या कपाटाजवळचा प्लग जोडलेला असतो आणि इन्व्हर्टर तीन तासांत झोपतो.

गच्चीवर सौर पॅनेल आहेत म्हणून निर्धास्त असलेल्या सोसायट्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी. नेट मीटरिंगवर, म्हणजे उरलेली वीज कंपनीच्या जाळ्याला (ग्रीडला) देण्याच्या सोयीवर, जोडलेला नेहमीचा सौर इन्व्हर्टर ग्रीडची वीज गेली की स्वतःहून बंद होतो, भर उन्हातसुद्धा. दुरुस्तीसाठी तारेला हात लावलेल्या कामगाराच्या अंगावर उलट वीज जाऊ नये म्हणून ही सोय असते आणि ती योग्यच आहे. बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर असेल किंवा जनरेटरशी मेळ घालणारा नियंत्रक बसवलेला असेल तरच वीज गेल्यावर ते पॅनेल कामाला येतात. 'वायरमनला सांगून जोडून घेऊ' या वाटेने कुणी जाऊ नये.

जनरेटर ऐन वेळी चालू न होण्याची कारणे वर्षानुवर्षे तीच आहेत. पहिले आणि सगळ्यात सर्रास आढळणारे म्हणजे सेल्फची बॅटरी. तिचा चार्जर ज्या छोट्या एमसीबीवर (आपोआप पडणाऱ्या स्विचवर) असतो तो कुणीतरी पाडून ठेवलेला असतो, किंवा टर्मिनलवर पांढरा क्षार जमलेला असतो. दुसरे कारण पॅनेलचा स्विच. सर्व्हिसिंगला आलेला तंत्रज्ञ तो 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर करतो आणि तसाच ठेवून जातो. तिसरे, वर्षभर न हललेले डिझेल. टाकीच्या तळाशी पाणी आणि चिकट गाळ साचतो, तो फिल्टरमध्ये अडकतो आणि संच वीस मिनिटे चालून मान टाकतो. म्हणूनच दर आठवड्याला पाच मिनिटे रिकामा चालवून वहीत 'ओके' लिहिण्याला आमच्या लेखी फारशी किंमत नाही. त्यात इंजिन नीट तापतही नाही आणि फिल्टर तुंबलाय की नाही तेही कळत नाही. महिन्यातून एकदा मुख्य वीज बंद करून, पंप आणि लिफ्टचा खराखुरा भार देऊन अर्धा तास चालवावा. सभासदांना आधी सूचना द्यावी, तक्रारी येतील त्या येऊ द्याव्यात. संच लहान असेल तर पंप आणि लिफ्ट एकाच क्षणी चालू होऊ देऊ नयेत. दोन मोटरींचा सुरुवातीचा झटका एकत्र आला की ब्रेकर पडतो आणि लिफ्ट मजल्यांच्या मध्ये अडकते.

डिझेलचा साठा किती ठेवता येतो, याबद्दल उगाच भीती असते. पेट्रोलियम कायद्याप्रमाणे डिझेल एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि एकेक पात्र १,००० लिटरच्या आतले असेल तर परवाना लागत नाही. पुष्कळ ठिकाणी ९९० लिटरची टाकी दिसते ती त्यामुळेच. परवाना लागत नाही याचा अर्थ प्लास्टिकचे कॅन तळघरात मीटर रूमशेजारी रचावेत, असा नव्हे. डिझेलची जागा उघड्यावर, सांडलेले अडवणाऱ्या कट्ट्यासह आणि वाळूच्या बादलीसह असावी.

पाण्याकडे परत येतो, कारण तिथे दोन गोष्टी हमखास चुकतात.

पहिली चूक म्हणजे वीज लांबणार असे कळताच व्हॉट्सअ‍ॅपवर 'पाणी भरून ठेवा' असा संदेश टाकणे. शंभर घरांनी एकाच वेळी बादल्या, टब, वॉशिंग मशीन भरायला घेतले की गच्चीची टाकी तासाभरात तळ गाठते. आणि टाकी पूर्ण रिकामी झाली की खाली येणाऱ्या नळांत हवा शिरते. नंतर टाकी भरली तरी वरच्या काही मजल्यांच्या नळांतून फुस्स आवाज येत राहतो, पाणी येत नाही. मग प्लंबर एकेक लाइन मोकळी करत बसतो. त्यामुळे संदेश टाकायच्या आधी माणूस गच्चीवर जायला हवा. मुख्य कॉक बंद करून सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास पाणी सोडावे आणि पाव टाकी उरली की कॉक फिरवावा. कोणता कॉक कोणत्या विंगचा आणि कोणता अग्निशमनाचा, हे रंगाने आणि पत्र्याच्या पाटीने लिहिलेले असावे. प्लंबरच्या डोक्यातला नकाशा तो गावी गेला की निरुपयोगी.

दुसरी गोष्ट वरच्या तीन-चार मजल्यांची. टाकी डोक्यावरच असल्याने गुरुत्वाकर्षणाचा दाब तिथे कमी पडतो, म्हणून त्यांना वेगळा प्रेशर पंप दिलेला असतो. वीज गेली की टाकी भरलेली असूनही नेमके तेच मजले कोरडे होतात आणि खालच्यांना धो-धो पाणी मिळते. भांडणे इथून सुरू होतात. प्रेशर पंपाला वळसा घालणारी बायपास लाइन बहुतेक ठिकाणी असते, तिचा कॉक उघडला की धार बारीक का होईना, येते. बायपास नसेल तर ती टाकून घ्यावी. त्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह विसरू नये, नाहीतर वीज आल्यावर पंपाचे पाणी गोल फिरून पुन्हा टाकीतच जाते.

गच्चीवरच्या टाकीतला अग्निशमनाचा राखीव साठा कितीही टंचाई असली तरी घरगुती वापराला काढायचा नाही. तोच नियम फायर पंपाच्या डिझेल इंजिनाला. जनरेटरचे डिझेल संपले की त्या इंजिनाच्या टाकीतून नळीने ओढून घेण्याची युक्ती काही हुशार मंडळींना सुचते. वीज नसताना घराघरांत मेणबत्त्या पेटलेल्या असतात, विजेवरचा मुख्य फायर पंप जनरेटरवर नसेल तर बंद असतो आणि आग विझवायला उरते ते तेवढे एक इंजिन. त्याच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. फायर लाइनमधला दाब एरवी छोटा जॉकी पंप राखतो. वीज गेली की तो थांबतो. लाइनला कुठे थोडी गळती असली तरी दाब हळूहळू उतरतो आणि काही तासांनी डिझेल इंजिन आपोआप सुरू होते. भर रात्री ते गरजू लागले की घाबरलेला वॉचमन त्याला 'मॅन्युअल'वर टाकतो. त्यावर उपाय गळती काढणे हा आहे, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे 'ब' नमुन्याचे प्रमाणपत्र देणाऱ्या परवानाधारक एजन्सीकडून ती काढून घ्यावी. त्या प्रमाणपत्राकडे निव्वळ कागद म्हणून पाहणाऱ्या कमिट्या बऱ्याच आहेत.

लिफ्टविषयी सगळ्यात मोठा गैरसमज असा, की वीज गेली की लिफ्ट खाली कोसळते. लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगने धरलेला असतो आणि विजेने सुटतो. वीज गेली की तो आपोआप आवळतो. आत हवाही पुरेशी असते, दरवाजाभोवतीच्या फटी आणि छतातल्या झरोक्यांतून ती येत राहते. धोका असतो तो बाहेर पडण्याच्या घाईत. डबा दोन मजल्यांच्या मध्ये असताना दरवाजा फाकवून उडी मारणाऱ्याचा तोल मागे गेला, तर डब्याच्या तळाखालच्या मोकळ्या फटीतून तो थेट खड्ड्यात जातो. लिफ्टच्या अपघातांचे हे ओळखीचे कारण आहे. आत अडकलेल्यांना इंटरकॉमवर एवढेच सांगावे, की दरवाजाला हात लावू नका, खाली बसा, माणूस येतो आहे.

नव्या लिफ्टमध्ये एआरडी असते, म्हणजे बॅटरीवर डबा जवळच्या मजल्यावर नेऊन दरवाजा उघडणारी यंत्रणा. तिच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत दमतात आणि देखभालीच्या करारात त्या बहुधा वगळलेल्या असतात. करार वाचून पाहावा. चाचणी सोपी आहे: रिकामी लिफ्ट मजल्यांच्या मध्ये असताना तिचा मुख्य स्विच तंत्रज्ञाकडून बंद करवून घ्यायचा आणि ती मजल्याला येऊन उघडते का, ते पाहायचे. एआरडी चालली नाही तर हाताने सोडवणूक करावी लागते आणि ती प्रशिक्षित दोघांनीच करायची. आधी मुख्य स्विच बंद, मग एकाने ब्रेकचा दांडा थोडा थोडा सोडायचा, दुसऱ्याने चाक धरायचे, डबा मजल्याच्या पातळीला आल्याची दोरांवरची खूण जुळली की थांबायचे. डब्यात एक-दोनच माणसे असतील तर ब्रेक सोडल्यावर डबा वर जातो, खाली नाही, कारण समोरचे वजन डबा अधिक जवळपास निम्मी प्रवासी-क्षमता इतके जड असते. हे ठाऊक नसलेला माणूस दचकून दांडा सोडतो किंवा उलट्या दिशेने जोर लावतो. मशीन रूम नसलेल्या लिफ्टमध्ये हीच सोय सर्वांत वरच्या मजल्यावरच्या पॅनेलमध्ये असते आणि त्या पॅनेलची चावी वॉचमनच्या चौकीत हवी, सचिवाच्या घरात नको.

जनरेटर फेऱ्यांमध्ये चालवायचा ठरला की फेरी संपण्याच्या पाच मिनिटे आधी लिफ्ट तळमजल्यावर आणून थांबवावी, मग संच बंद करावा. हा साधा नियम न पाळल्याने दर फेरीच्या शेवटी कुणीतरी अडकते. एकमेव चालू ठेवायची लिफ्ट म्हणून फायर लिफ्ट निवडावी, ती मोठी असते आणि तिला पर्यायी वीजजोडणी आधीपासून असते.

पंचवीस मजले म्हणजे साडेचारशे ते पाचशे पायऱ्या. ज्येष्ठ, गरोदर स्त्रिया, डायलिसिसवर असलेले, घरी ऑक्सिजन लागणारे, अशांची मजलावार यादी त्यांच्या संमतीने वॉचमनकडे असावी. जिन्यावरून उतरवायची घडीची खुर्ची इमारतीत एकतरी हवी, कारण स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर फिरत नाही. अग्निसुरक्षेसाठी मधल्या मजल्यांवर सोडलेली आसऱ्याची मोकळी जागा चढताना-उतरताना टेकायला कामी येते. तिथे सायकली आणि जुने फर्निचर ठेवलेले नसेल तर.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा हिशेब घरच्यांनी आधीच करावा. पाच लिटरचे यंत्र ३०० ते ३५० वॉट घेते. १५० अँपिअर-तासाच्या एका बॅटरीच्या इन्व्हर्टरवर ते तीन तासांच्या आसपास चालते, रात्र निघत नाही. बी टाइपचा सिलिंडर, म्हणजे दीड घनमीटरचा, मिनिटाला दोन लिटरच्या प्रवाहाने बारा तास पुरतो. तो भरलेला, रेग्युलेटरसह आणि पाना बांधून घरात असला पाहिजे. वापरातले इन्सुलिन ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते, तरी पाकिटावरची सूचना पाहावी. फ्रिज बंद असेल तर पिशवीत गुंडाळून मातीच्या ओल्या मडक्यात ठेवावे, थेट बर्फावर कधीही नाही, गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे लागते.

घरातला इन्व्हर्टर किती चालेल, याचे गणित घरोघरी चुकते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास, हाती येतात १,२०० च्या आसपास. जुना पंखा ७५ वॉट, दोन एलईडी १८ आणि वायफाय १२ मिळून १०५ वॉट, म्हणजे अकरा तास. त्याच पंख्याच्या जागी २८-३० वॉटचा बीएलडीसी पंखा असेल तर वीस तास. बॅटरी दुसरी घेण्याआधी पंखा बदलावा, असे आम्ही सांगतो. त्यावर फ्रिज जोडू नये. दार न उघडलेला फ्रिज चार तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर दिवसभराहून जास्त. आरओ यंत्र या काळात बंदच ठेवावे, ते गाळून देते त्याहून जास्त पाणी नाल्यात सोडते. पाणी उकळून घ्यावे. पाइपचा गॅस विजेवर अवलंबून नसतो, फक्त शेगडीचे स्वयंप्रज्वलन चालले नाही तर लायटर हाताशी हवा. बाल्कनीत पेट्रोलवरचा छोटा जनरेटर किंवा घरात कोळशाची शेगडी, दोन्ही निषिद्ध. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि इमारतीचा डक्ट तो वरच्या घरांपर्यंत पोचवतो.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे कुणी पाहत नाही, वास येईपर्यंत. घराघरांतले पाणी उताराने खाली येतच राहते, पण तळघरातल्या टाकीतून ते पुढे ढकलणारा पंप थांबलेला असतो. ब्लोअर बंद राहिला की पाण्यातले जीवाणू प्राणवायूविना मरू लागतात आणि केंद्र पुन्हा मूळपदावर यायला आठवडे लागतात. म्हणून जनरेटरच्या प्रत्येक फेरीत हे दोन्ही चालले पाहिजेत. पावसाळ्यात तळघराचा उपसा पंपही. मीटर रूममध्ये पाणी शिरले असेल तर आत पाऊल टाकायचे नाही, आणि पाणी ओसरल्यावर मेगरने इन्सुलेशन तपासल्याशिवाय, किमान एक मेगओहम मिळाल्याशिवाय, मुख्य स्विच चढवायचा नाही. 'वाळलंय आता' हा निकष नव्हे.

वीज परत येताना होणारे नुकसान वीज जाताना होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठे असते. घरात एसी, गिझर, फ्रिज यांचे एमसीबी पाडून एकच दिवा चालू ठेवावा. तो नेहमीपेक्षा लख्ख पेटला तर न्यूट्रलचा दोष समजून मेन लगेच बंद करावा, २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब चढलेला असू शकतो. सगळे ठीक दिसले तर दहा मिनिटांनी एकेक उपकरण लावावे. केबल जोडल्यानंतर आणखी एक गंमत होते: जोड देताना दोन फेज उलटसुलट लागले तर घरातले दिवे नीट लागतात, पण लिफ्ट हलत नाही, कारण तिचा फेज रिव्हर्सल रिले तिला अडवतो. आणि पाण्याचा पंप उलटा फिरतो, आवाज करतो पण पाणी चढवत नाही. अशा वेळी लिफ्टवाल्याला आणि पंपवाल्याला वेगवेगळे बोलावून पैसे घालवू नयेत. लिफ्ट अडली आणि पंप घुमतो आहे, ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर वायरमनला फेजचा क्रम तपासायला सांगावे आणि कंपनीला तसे कळवावे. आपल्या पॅनेलमध्ये तारा फिरवून घेतल्या तर जनरेटरच्या बाजूचा क्रम उलटा होतो, हेही त्याला सांगावे.

त्याच दिवशी जनरेटरची टाकी पुन्हा भरून घ्यावी, पॅनेलचा स्विच आणि फायर पंपाचा स्विच दोन्ही 'ऑटो'वर आहेत ना, हे कमिटीतल्या कुणीतरी स्वतः खाली जाऊन पाहावे, आणि किती तासांत किती लिटर गेले ते वहीत लिहावे. पुढच्या सर्वसाधारण सभेत डिझेलच्या खर्चावरून वाद होणार आहेच, तेव्हा ती वही उपयोगी पडेल.

आपले,
इमारत-सेवा क्षेत्रातले काही देखभाल अभियंते आणि तंत्रज्ञ,
ठाणे